बहात्तरची पिढी आणि मेंदूतले इन्सुलिन

महाराष्ट्राच्या आरोग्याच्या इतिहासात १९७२ हे साल दुष्काळाच्या प्रकरणात येते आणि तिथेच संपते. लागोपाठ कमी पावसाची वर्षे, तळ गाठलेल्या विहिरी, मिळेल त्या भावाला विकलेली जनावरे, खडी फोडायला गेलेली गावेच्या गावे, अमेरिकेहून आलेली लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, एवढ्यावर मराठवाड्याच्या आठवणीतला त्या सालाचा हिशेब पुरा होतो. त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मधुमेहाची एक मोठी बहुकेंद्री पाहणी हाती घेतली. ती १९७५ पर्यंत चालली आणि पुणे हे तिचे एक केंद्र होते. तिचा निष्कर्ष दिलासा देणारा निघाला: शहरांत मधुमेहाचे प्रमाण २.१ टक्के, खेड्यांत जेमतेम दीड टक्का. पुढे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्राचा आकडा ८.४ टक्क्यांवर पोचला होता, शहरांत १०.९ आणि ग्रामीण भागात ६.५. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती आणि वयोगट वेगळे, म्हणून आकडे शेजारी ठेवून भागाकार करण्यात अर्थ नाही. पण दिशेबद्दल वाद नाही. पाच दशकांपूर्वी जो आजार खेड्यात क्वचित दिसे, तो आता नांदेड-लातूरकडच्या बहुतेक घरांत 'शुगर' या नावाने ओळखीचा झाला आहे. या बदलाचे धागे आता म्हातारपणीच्या विस्मृतीपर्यंत जाऊन पोचू लागले आहेत. 'हे घराण्यातच आहे का?' हा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या मुलांचा पहिला प्रश्न असतो. माझे म्हणणे असे, की या प्रदेशापुरते बोलायचे तर रक्तातल्या वारशापेक्षा भुकेचा वारसा अधिक काही सांगतो. आणि तो वारसा सत्तरीत नव्हे, गर्भात आणि चाळिशीत हाताळावा लागतो.

अल्झायमरचा आजार आणि इन्सुलिन यांचे इतिहास सत्तर वर्षे एकमेकांना न भेटता चालले. आलोइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर या एक्कावन्न वर्षांच्या बाईला तपासले. १९०६ मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिच्या मेंदूतले डाग आणि पेशींमधले गुंते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगनच्या सभेत ते मांडले. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांच्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव मिळाले. तिकडे टोरांटोत जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले, आणि इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर स्नायूंत आणि चरबीत पोचवणारे द्रव्य, ही समजूत पक्की झाली. मेंदूच्या पेशी साखर उचलण्यासाठी इन्सुलिनवर फारशा अवलंबून नसतात. त्यामुळे मेंदूचा आणि इन्सुलिनचा संबंध नाही, असे पाठ्यपुस्तके सांगत राहिली. १९७८ मध्ये जाना हावरांकोवा आणि जेसी रॉथ यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूत सर्वदूर इन्सुलिनचा संदेश घेणारे ग्राहक दाखवले, तेव्हा ही समजूत मोडली. साखर उचलायला नको असलेले द्रव्य मेंदूला मग कशाला हवे? पुढच्या तीस वर्षांत उत्तर मिळाले: पेशींमधले सांधे टिकवायला, नवी आठवण घडवायला आणि पेशीच्या आतला सांगाडा शाबूत ठेवायला. पाटाला पाणी वाहते आहे आणि वाफ्यात मात्र ते जिरत नाही, अशी शेतकऱ्याला ओळखीची अवस्था शरीरात झाली की तिला डॉक्टर 'इन्सुलिन रेझिस्टन्स' म्हणतात. तीच अवस्था मेंदूत झाली तर काय होईल, हा प्रश्न आता विचारता येऊ लागला.

जर्मनीत हायडेलबर्गचे सिगफ्रीड होयर हा प्रश्न आधीपासून विचारत होतेच. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या दीर्घकालीन अभ्यासाने त्याला लोकसंख्येचा आधार दिला: मधुमेह असलेल्या वृद्धांत स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट. २००५ मध्ये अमेरिकेत सुझान द ला माँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत इन्सुलिन आणि त्याचे ग्राहक कमी झालेले पाहिले आणि या आजाराला 'तिसऱ्या प्रकारचा मधुमेह' म्हणता येईल का, असे विचारले. हे नाव वर्तमानपत्रांना आवडले, बहुतेक तज्ज्ञांनी मात्र स्वीकारले नाही. २०१२ मध्ये कॉनरॅड टॅल्बट यांच्या गटाचा प्रयोग अधिक नेमका होता. मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूच्या ऊतींवर त्यांनी इन्सुलिन घालून पाहिले. निरोगी व्यक्तींच्या ऊतींनी त्याला जसा प्रतिसाद दिला, तसा अल्झायमरच्या रुग्णांच्या ऊतींनी दिला नाही. आणि हे रुग्ण मधुमेही नव्हते. म्हणजे रक्तातली साखर ठीक असतानाही मेंदू इन्सुलिनला दाद देईनासा होऊ शकतो. यामागची यंत्रणाही हळूहळू उलगडत गेली. इन्सुलिनचा संदेश क्षीण झाला की पेशीतले एक विकर मोकाट सुटते आणि टाऊ या प्रथिनावर फॉस्फेटचे ओझे चढवते. अल्झायमर यांनी पाहिलेले गुंते याच प्रथिनाचे. इन्सुलिन मोडीत काढणारे विकर डागांमधले अमायलॉइडही मोडीत काढते. शरीरात इन्सुलिनचा पूर असेल तर ते त्यातच गुंतते आणि अमायलॉइड मागे राहते, अशीही एक उपपत्ती आहे. यातली प्रत्येक कडी प्रयोगशाळेत सारख्या ताकदीने सिद्ध झालेली नाही. पण गृहीतक हवेत उभे नाही, एवढे नक्की.

दरम्यान जनुकांची बाजू १९९३ मध्ये वेगाने पुढे आली. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस, वॉरन स्ट्रिटमॅटर, मार्गारेट पेरिकॅक-व्हान्स आणि एलिझाबेथ कॉर्डर यांनी 'एपीओई' या जनुकाकडे बोट दाखवले. चरबी वाहून नेणारे प्रथिन बनवण्याचे काम या जनुकाचे. त्याची तीन रूपे: दोन, तीन आणि चार. उशिरा येणाऱ्या अल्झायमरची ४२ कुटुंबे तपासली, तेव्हा चौथ्या रूपाच्या प्रती शून्यावरून दोनपर्यंत वाढत गेल्या तसा आजाराचा धोका वीस टक्क्यांवरून नव्वदपर्यंत चढला आणि आजार सुरू होण्याचे सरासरी वय चौऱ्याऐंशीवरून अडुसष्टवर आले. हे आकडे आजही जनुक-चाचणीच्या जाहिरातींत वेगवेगळ्या वेषात भेटतात. मात्र ही ४२ कुटुंबे आजाराने पछाडलेली होती म्हणूनच निवडली गेली होती, हे त्या आकड्यांबरोबर सांगितले जात नाही. एरवीच्या लोकवस्तीत, विशेषतः युरोपीय वंशाच्या लोकांत, चौथ्या रूपाची एक प्रत धोका साधारण तिप्पट करते आणि दोन प्रती दहा-बारा पट, असे पुढच्या अभ्यासांनी ठरवले. हा प्रभाव मोठा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी दाखवले, की दोन प्रती असलेल्या जवळपास सर्वांच्या मेंदूत पासष्टीपर्यंत आजाराच्या खुणा उमटलेल्या असतात. जनुक म्हणजे निव्वळ एक शक्यता, असे म्हणून अशा व्यक्तीची समजूत काढता येणार नाही.

पण अशा व्यक्ती आपल्याकडे किती? नव्वदच्या दशकात विजय चंद्रा, मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या एका ग्रामीण भागात एकाच पद्धतीने वृद्धांचा अभ्यास केला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय निष्कर्षात बल्लभगढमध्ये चौथ्या रूपाचे प्रमाण सात टक्के निघाले, अमेरिकी गावांत अकरा. आजाराशी त्याचे नाते दोन्हीकडे सारखेच होते. सात टक्के हा आकडा धरून गणित मांडले, तर दोन प्रती असणारा माणूस दोनशेत एक भेटेल आणि एक प्रत असणारे शंभरात तेरा. बल्लभगढ म्हणजे मराठवाडा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. उत्तरेकडचा आकडा दख्खनला जसाच्या तसा लावता येत नाही. पण भारतातल्या वस्त्यांत हे रूप उत्तर युरोपच्या तुलनेत कमी आढळते, हे अनेक ठिकाणी दिसले आहे, आणि युक्तिवादाला तेवढे पुरेसे आहे. ज्या प्रदेशात धोक्याचे जनुक दुर्मिळ आणि मधुमेह मुबलक, तिथे समाजाच्या पातळीवर कोणता घटक अधिक माणसे आजारी पाडील, याचे उत्तर जनुकाच्या ताकदीवर ठरत नाही. तो घटक किती लोकांत आहे, यावर ठरते.

शिवाय हे दोन घटक वेगळे राहतही नाहीत. हवाई बेटांवरच्या जपानी-अमेरिकी पुरुषांच्या २००२ सालच्या अभ्यासात मधुमेह आणि एपीओईचे चौथे रूप दोन्ही असलेल्यांना अल्झायमरचा धोका, दोन्ही नसलेल्यांच्या साडेपाच पट आढळला. २०१७ मध्ये मेयो क्लिनिकमधल्या गुओजुन बू यांच्या गटाने त्यामागचे एक कारण सुचवले: चौथ्या रूपाचे प्रथिन इन्सुलिनच्या ग्राहकांना चिकटते आणि त्यांना पेशीच्या आत अडकवून ठेवते, म्हणून पृष्ठभागावर संदेश घेणारे कमी पडतात. आहारात चरबी जास्त असली की हा बिघाड उंदरांत अधिक वाढला. जनुक आणि चयापचय यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानणारी चर्चा इथे थांबायला हवी. ज्याच्या वाट्याला धोक्याचे जनुक आले, त्याला शुगर सांभाळणे इतरांपेक्षा अधिक गरजेचे आहे. जनुकाचा निकाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे.

आता या कथेतला मराठी अध्याय. ज्या वर्षी ड्यूकचा शोध आला, त्याच १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गर्भधारणेपूर्वीपासून स्त्रियांची नोंद ठेवायला सुरुवात केली. इंग्लंडमधले डेव्हिड बार्कर तेव्हा म्हणत होते, की म्हातारपणीचे हृदयविकार आणि मधुमेह गर्भातल्या उपासमारीत रुजतात. पुण्याच्या अभ्यासाला हे भारतीय खेड्यात तपासायचे होते. त्या गावांतल्या बायकांचे सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास होते. दुष्काळ नव्हता, पण शेतातले कष्ट होते आणि ताटात पुरेसे नव्हते. बाळे जन्मली ती साधारण पावणेतीन किलोहून किंचित कमी वजनाची. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा तब्बल आठशे ग्रॅम हलकी. तरीही वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ शाबूत होती. तूट पडली होती स्नायूंत आणि अवयवांत. दुसऱ्या एका तुलनेत पुण्यातल्या नवजात बाळांच्या नाळेतल्या रक्तात लंडनच्या बाळांपेक्षा इन्सुलिन जास्त आढळले. वरून किडकिडीत आणि आतून चरबीचे असे हे शरीर पुढे मोठेपणीही तसेच राहते. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपलीच जोडछायाचित्रे छापून ते दाखवले. दोघांचाही देहभार निर्देशांक बरोबर २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२.

पुणे अभ्यासाचे खरे मोल पुढच्या वर्षांत कळले, कारण ही मुले मोठी होताना तपासली जात राहिली. अठराव्या वर्षी त्यांतल्या जवळपास निम्म्यांचे वजन कमीच होते, आणि तरी मुलांपैकी ३७ टक्क्यांच्या आणि मुलींपैकी १८ टक्क्यांच्या शरीराला साखर नीट हाताळता येत नव्हती. मधुमेह हा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा आजार, ही आपल्याकडची समजूत त्या आकड्यांपुढे टिकत नाही. मेंदूच्या दृष्टीने आणखी महत्त्वाची नोंद बी-१२ या जीवनसत्त्वाची. गरोदरपणी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला कमी दाद देत होती. बी-१२ कमी असलेल्या मातांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर विद्या भाटे यांच्या पाहणीत लक्ष आणि अल्पकालीन स्मृतीच्या काही कसोट्यांवर मागे पडली. एकाच गर्भात, एकाच उणिवेतून चयापचय आणि बुद्धी दोन्हींवर एकदम परिणाम होतो, याचा इतका जवळचा पुरावा आपल्याकडे दुसरा नाही. आनंदवर्धन हर्डीकर आणि याज्ञिक यांच्या २०१५ च्या प्रयोगाने यात काळाची लांबी मिळवली: पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांना पुढच्या दोन पिढ्या पोटभर खायला दिले, तरी त्यांच्यातला इन्सुलिनचा बिघाड सुधारला नाही.

हे सारे पुण्याच्या आसपासचे. नांदेड आणि लातूरच्या बहात्तरच्या पिढीबद्दल काय म्हणता येईल? त्या वर्षी गावागावांत बहुतेक बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातून झाली. तिथे वजनकाटा नव्हता. म्हणून तुलना परदेशातून घ्यावी लागते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी केलेल्या नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये माणशी रेशन हजार कॅलरींच्याही खाली उतरले होते. ॲमस्टरडॅमच्या एका रुग्णालयात त्या काळात जन्मलेल्या बाळांच्या नोंदी शाबूत राहिल्या. १९९८ मध्ये, पन्नाशीत, गर्भात उपासमार भोगलेल्यांची साखर इतरांपेक्षा बिघडलेली निघाली. २०१० मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, गर्भाच्या सुरुवातीच्या महिन्यांत उपाशी राहिलेले लोक लक्ष एकाग्र करण्याच्या चाचणीत मागे पडले. यावर आक्षेप येईल, की महाराष्ट्राने बहात्तरचा दुष्काळ हॉलंडसारखा भोगला नाही. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी आकार घेत होती आणि मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. भूकबळींची लाट आली नाही, आणि अर्थशास्त्रज्ञांनी तो दुष्काळनिवारणाचा आदर्श मानला. हे खरेच आहे, पण त्याने माझा मुद्दा पडत नाही. दुष्काळी कामांनी जीव वाचवले. खडी फोडणाऱ्या गरोदर बाईच्या ताटात पुरेसे प्रथिन आणि बी-१२ आणून ठेवणे त्यांच्या आवाक्यात नव्हते. दूधदुभते आटलेले, जनावरे विकलेली, आणि बी-१२ तर मुख्यतः दूध-मांसातूनच मिळते. हॉलंडची उपासमार काही महिन्यांची, भरल्या पोटाच्या समाजावर आलेली. मराठवाड्यातली तूट आधीपासून होती. बहात्तरने ती खोल केली. पुण्याच्या गावांनी दाखवले ते हेच, की दुष्काळ नसतानाची नेहमीची उणीवही पुरेशी ठरते.

धोका पुरा होतो तो नंतरच्या भरल्या ताटाने. दुष्काळानंतरच्या चार दशकांत या दोन जिल्ह्यांचे रूप पालटले. नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा उपसा सिंचन प्रकल्प झाला, ऐंशीच्या दशकात विलासराव देशमुखांच्या पुढाकाराने मांजरा साखर कारखाना उभा राहिला, ज्वारीच्या रानात ऊस आणि सोयाबीन आले, रेशनवर गहू-तांदूळ स्थिर झाला, मोटारसायकल आणि ट्रॅक्टरने चालणे आणि वाकणे कमी केले. पाण्याची गरिबी मात्र गेली नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. उसाला दोष देऊन साखरेचा संबंध मधुमेहाशी जोडणे सोपे आहे, पण तेवढ्याने भागत नाही. इन्सुलिन रेझिस्टन्स केवळ गोड खाण्यातून येत नाही. कमी स्नायू घेऊन जन्मलेल्या शरीराला पुरेसे अन्न आणि कमी कष्ट एकदम मिळाले, की ते जादाची साखर ठेवायला जागा शोधते आणि ती पोटाच्या चरबीत सापडते. म्हणून विकासाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. भूक आणि भरले ताट एकाच आयुष्यात भेटले, यात खरी अडचण आहे.

इथे एक अवघड आक्षेप उभा राहतो. देशातल्या साठीच्या वरच्या लोकांच्या राष्ट्रीय अभ्यासानुसार स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. मधुमेह मात्र शहरांत जास्त आहे. इन्सुलिन हेच मूळ असते तर चित्र उलटे दिसायला हवे होते. आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच इन्सुलिनला एकमेव गुन्हेगार ठरवणे चुकीचे. शिक्षण हा मेंदूचा मोठा साठा आहे, आणि आज ऐंशीच्या घरात असलेली नांदेड-लातूरची बाई निजामाच्या राज्यात जन्मली. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात साक्षर माणसे शंभरात दहाच्या आसपास होती, आणि मुलींचा वाटा त्यातही तोकडा. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये सुरू झाले, पण शेतकऱ्याच्या मुलीला पाटी मिळायला आणखी कित्येक वर्षे जावी लागली. मात्र शाळेबाहेर राहिलेली मुलगी आणि अर्धपोटी राहिलेली माता या दोन वेगळ्या बायका नव्हत्या. रक्तदाब, मधुमेह, निरक्षरता, कमी ऐकू येणे हे धोके आकडेवारीत वेगवेगळ्या रकान्यांत येतात. आयुष्यात ते एकाच बाईच्या वाट्याला येतात. खेड्यातले जास्त प्रमाण वंचनेच्या इतिहासाकडे बोट दाखवते, आणि इन्सुलिनचा बिघाड हा त्या इतिहासाचा एक धागा आहे.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांचा आहे आणि अधिक धारदार आहे. मधुमेहाची प्रवृत्ती देणारी जनुके ज्यांच्यात आहेत, त्यांना अल्झायमर जास्त होतो का, हे मोठ्या जनुकीय अभ्यासांनी तपासले. ठोस नाते सापडले नाही. मधुमेहींच्या शवविच्छेदनांतही अमायलॉइडचे डाग इतरांपेक्षा नियमाने जास्त दिसत नाहीत. जास्त दिसतात त्या बारीक रक्तवाहिन्यांतल्या इजा. मला वाटते हा पुरावा मानायला हवा आणि दावा तेवढा आवळायला हवा. इन्सुलिनचा बिघाड अल्झायमरचे डाग निर्माण करतो, असे म्हणता येणार नाही. तो रक्तवाहिन्या खराब करतो, पेशींची ताकद घटवतो आणि डाग झालेल्या मेंदूला लवकर हरवतो, असे म्हणता येते. घरच्यांच्या दृष्टीने या फरकाला फारसे महत्त्व नाही. म्हातारपणी विसरणाऱ्या बहुतेक मेंदूंत डाग आणि रक्तवाहिन्यांच्या इजा एकत्रच असतात. घरातला माणूस स्वयंपाकघरातला गॅस बंद करायला विसरतो, तो दोन्हींमुळे.

तिसरा आक्षेप औषधांच्या अपयशाचा. इन्सुलिनच नीट पोचत नसेल तर ते नाकावाटे मेंदूत सोडावे, अशी कल्पना सुझान क्राफ्ट यांनी राबवली. २०१२ च्या छोट्या चाचणीने आशा दाखवली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने ती मावळवली. मधुमेह आणि वजन कमी करण्यासाठी गाजलेल्या सेमाग्लुटाइडच्या गोळ्या एकूण ३,८०८ रुग्णांच्या दोन चाचण्यांत तपासल्या गेल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, की शरीरातल्या काही खुणा सुधारल्या पण आजाराची वाटचाल मंदावली नाही. यावरून इन्सुलिनचे गृहीतकच मोडीत काढणे घाईचे होईल. या चाचण्यांतल्या माणसांची स्मृती आधीच ढासळू लागली होती, आणि मेंदूतले बदल लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरू होतात. फिनलंडमधल्या ज्या चाचणीने २०१५ मध्ये आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेची देखरेख एकत्र वापरून फरक दाखवला, तिच्यात १,२६० लोक होते आणि त्यांना स्मृतिभ्रंश झालेला नव्हता. एपीओईचे चौथे रूप असणाऱ्यांनाही तिचा लाभ झाल्याचे नंतर दिसले. म्हणजे जनुक बदलत नाही, पण लवकर हात घातला तर त्याची धार कमी होते. उशिरा दिलेल्या औषधाचे अपयश हा लवकर केलेल्या उपायाविरुद्धचा पुरावा होत नाही.

या सगळ्याचा निष्कर्ष साधा आहे आणि महागड्या चाचण्यांच्या विरुद्ध दिशेने जातो. नांदेड-लातूरच्या बहुतेक कुटुंबांना आईवडिलांचे एपीओई रूप जाणून घेऊन फार थोडे हाती लागेल. आजी विसरत असेल तर तिची शुगर, रक्तदाब, बी-१२ आणि कानांची तपासणी आधी हवी. ज्यांचे जन्म टंचाईच्या वर्षांतले आणि वय आज पन्नाशीच्या पुढचे, त्यांच्यासाठी पोट सुटलेले नसतानाही साखर तपासण्याचा आग्रह प्राथमिक आरोग्य केंद्राने धरायला हवा, कारण बारीक अंग ही आपल्याकडे निर्धोक असल्याची खूण नाही. पण सगळ्यात दूरवर पोचणारा उपाय म्हाताऱ्यांच्या वॉर्डात नाही. पुण्याच्या त्याच सहा गावांतल्या मुलामुलींना वयात आल्यावर, संसार सुरू होण्याआधी बी-१२ दिले गेले; पुढे त्यांना मुले झाली, तेव्हा ज्या आयांना हे जीवनसत्त्व मिळाले होते त्यांची बाळे दोन वर्षांची असताना विकासाच्या काही कसोट्यांवर सरस ठरली. हा पुरावा लहान आहे, वृद्धत्वापर्यंत पोचायला त्याला सत्तर वर्षे आहेत. तरी स्मृतिभ्रंशाशी लढण्याचे अंदाजपत्रक मांडताना किनवट-मुखेडपासून औसा-निलंग्यापर्यंतच्या अंगणवाडीतली किशोरवयीन मुलगी त्यात पहिल्या ओळीत असायला हवी, आणि तिच्या आहाराचा खर्च म्हातारपणीच्या आजारावरचा खर्च म्हणूनच लिहिला जायला हवा.